पाचवीचा चाकू

वरदच्या घरी एकाच आठवड्यात मुलगी आली आणि इंद्रजीतचे चाकूही आले. मुलीची वाट नऊ महिने पाहिली होती, चाकूंची दोन वर्षं. त्यामुळे चाकूंचं कौतुक अंमळ जास्तच होतंय, अशी त्याच्या बायकोला, कादंबरीला, शंका होती.

इंद्रजीत भोसरीच्या एका शेडमध्ये एकट्याने घडीचे चाकू घडवायचा. त्याने दोन पाठवले होते. आवडेल तो ठेवायचा, दुसरा डाग न लावता परत, कारण रांगेतला पुढचा माणूस खोळंबला होता. एक साधा, काळ्या मुठीचा, रोज खिशात बाळगायचा. दुसरा संग्रहात मिरवायचा: पात्यावर पाण्यासारख्या लाटा आणि उंटाच्या हाडाची पांढरीशुभ्र मूठ. वरदचं काही ठरेना. दवाखान्यात कळा सुरू असतानाही त्याने फोनवर दोन्हींचे फोटो पुढे केले होते.

"कुठला वाटतो गं?"

"आत्ता दे कुठलाही," कादंबरी दातओठ खात म्हणाली होती, "लागणारच आहे मला."

अखेर आज ठरलं. काळाच ठेवायचा. चाकू म्हणजे कसा, वापरात हवा. ऑफिसात सफरचंद कापू, पार्सलं उघडू. संध्याकाळी इंद्रजीत पांढरा न्यायला येणार, म्हणून जाण्याआधी एकदा पुसावा अशा विचाराने वरदने डबी उघडली, तर ती रिकामी.

"कादंबरी! पांढरा चाकू कुठाय?"

"हळू बोल ना. आत्ता कुठे डोळा लागलाय तिचा." तिने नजरेनेच स्वयंपाकघर दाखवलं.

तिथे तिची आई, कुसुमताई, शेपू निवडत बसल्या होत्या. बाळंतपणासाठी त्या इथेच मुक्कामाला होत्या.

"अहो वरदराव, आज पाचवी. सटवाई येते आज बाळाचं नशीब लिहायला. उशाला लोखंड नको? तुमच्या घरात साधी विळी नाही. ती दोरी ओढून भाजी कापायची डबी ठेवू का पुजून?"

"मग?"

"मग काय! तुमच्या कपाटात दोन दिसले, त्यातला चांगला घेतला. नातीच्या वेळी कशाला हात आखडता घ्यायचा?"

वरद चवड्यांवर पळत खोलीत गेला. मुलगी झोपेतच ओठ हलवत, दूध पिण्याचं स्वप्न बघत होती. उशाशी मिटलेला चाकू, वर हळदकुंकू. हाडाच्या मुठीने हळद अगदी पोटभर पिऊन घेतली होती. त्याने फडक्याने पुसून पाहिलं. पिवळं झालं ते फडकं.

"आई, हा परत द्यायचाय हो! याच्या जागी मी काळा ठेवतो ना."

"पुजलेलं बदलत नाहीत. सव्वा महिना बाळ जिथे, तिथे ते. परत द्यायचाच तर काळा द्या."

"पण तो मला खिशात..."

"खिशाला काय सटवाई येते?"

तेवढ्यात बेल वाजली. दारातच वरदने इंद्रजीतला सगळं कुजबुजत सांगितलं. इंद्रजीतने बाळाच्या उशाशी वाकून मूठ निरखली. हा माणूस एकदा नाराज झाला की पुन्हा रांगेत उभं करत नाही, अशी त्याची ख्याती होती.

"हाडातली हळद निघत नाही," इंद्रजीत शेवटी म्हणाला. "काळाच नेतो. रांगेतले ते गृहस्थ काय, कुठलाही दिला तरी काचेच्या कपाटातच ठेवतात."

वरदने खिशातून काळा चाकू काढला. देण्याआधी शेवटचा म्हणून 'टक' करून उघडला. बाळ दचकलं. कुसुमताईंनी नुसतं बघितलं. त्याने तो मिटून मुकाट्याने इंद्रजीतच्या हातात ठेवला.

"सव्वा महिन्यानंतर हा घेऊन या," इंद्रजीत उशाशी ठेवलेल्या चाकूकडे बोट दाखवत म्हणाला. "पात्यावर मालकाचं नाव कोरून देतो मी. काय घालू?"

"वर..." वरदने तोंड उघडलं.

"नाव ठेवायचंय अजून," कुसुमताई म्हणाल्या. "बारशाला या, तेव्हा कळेल."

इंद्रजीतने मान डोलावली. दुपट्याची कड घट्ट धरलेल्या त्या एवढ्याशा बोटांकडे त्याने एकदा कारागिराच्या नजरेने पाहिलं आणि वरदकडे वळला.

"मुलीसाठी हवाय हे आधी नाही का सांगायचं, साहेब? मूठ बारीक घेतली असती."