तात्यासाहेबांनी परदेशात खाल्लेली कोशिंबीर

एका जंगलात तात्यासाहेब नावाचे साळिंदर राहायचे. शहाणे. नको तितके शहाणे. हसू नका रे, तुमच्याही घरात असेल एखादे.

आपल्या ओढ्याकाठची काकडी ते पांढरी पडेपर्यंत धुवायचे. वर म्हणायचे, "आपल्याकडे सगळी घाण! परदेशातली मातीसुद्धा खुशाल चाटावी."

त्यांची लेक कालिंदी समुद्रापलीकडच्या जंगलात शिकायला गेली. तिचं लग्नही तिथंच ठरलं. कन्यादान आपल्या हातानं करायचं, एवढ्यासाठी तात्यासाहेब निघाले.

बायकोनं, यमुनाबाईंनी, दोघांच्या वाटेसाठी दशम्या बांधल्या. त्या म्हणाल्या, "अहो, तिथलं पाणी आपल्या पोटाला नवं. केळं सोलून खा, भाजलेला कंद खा. पण कोशिंबिरीला हात लावू नका."

"पानाची डावी बाजू रिकामी ठेवू? मी काय सुतकात आहे?"

लग्नाच्या सकाळी मांडवात करकोचा वाढायला आला. हिरवागार कच्चा पाला, काकडीच्या चकत्या, वर बर्फाचा चुरा.

"कशात धुतलंय हो हे?" यमुनाबाईंनी विचारलं.

"तळ्यात," करकोचा म्हणाला. समोरच्या तळ्यात पाणघोडे डुंबत होते.

तात्यासाहेब खेकसले, "गप्प बस गं! त्याचे पांढरेशुभ्र हातमोजे दिसत नाहीत?"

आणि चापली की हो कोशिंबीर! पुन्हा मागून घेतली. मग बाटलीतल्या शुद्ध पाण्यानं चूळ भरली. धन्य ते शहाणपण!

मंगलाष्टकं संपली. बगळेभटजींनी हाक मारली, "मुलीचे वडील कुठे आहेत?"

मुलीचे वडील पोट धरून झुडपात बसले होते.

कालिंदी ओंजळ पुढे करून थांबली. "तात्या, या ना लवकर!"

"आलो, आलो!" म्हणत ते उठायचे आणि पुन्हा बसायचे. मुहूर्त कुणाच्या पोटासाठी थांबतो का? शेवटी यमुनाबाईंनी एकटीनं कन्यादान केलं. लेक हमसून रडली. सासरच्यांना वाटलं, माहेर सुटतंय म्हणून रडतेय.

परत आल्यावर जंगलात सभा भरली. तात्यासाहेब गरजले, "माझं पोट कशानं बिघडलं? हिच्या दशम्यांनी! परदेशी जाताना घरचं अन्न मुळीच नेऊ नका!"

टाळ्या! हार! पुढच्या सभेचं आमंत्रण!

यमुनाबाई मागे बसल्या होत्या. त्याच दशम्या त्यांनीही खाल्ल्या होत्या. पण त्यांना विचारतो कोण?

तात्पर्य : मुलांनो, सोलून आणि शिजवून खाणाऱ्याच्या हातून फार तर लेकीचं कन्यादान होतं. व्याख्यानं द्यायची असतील, तर आधी झुडपात बसावं लागतं.