बसमध्ये उभा मामा

खोटं बोलता तुम्ही, तेही ढळढळीत. तिकिटावर फ्रँकफर्ट छापता आणि माणसाला उतरवता बटाट्याच्या शेतात. डब्लिन ते फ्रँकफर्ट दोन तास, असं छातीठोक सांगणाऱ्या तुमच्या विमान कंपनीने शेत ते फ्रँकफर्ट हे अंतर कुठल्या खिशात दडवलं होतं?

आयर्लंडमधल्या मलिंगारच्या हॉस्पिटलात रात्रपाळी संपवून डॉक्टर गिरीश तसाच विमानात बसला होता. भाचीचं, स्वरांगीचं फ्रँकफर्टला लग्न. अंतरपाट धरला की नवरीच्या पाठीशी मामा उभा लागतो, आणि स्वरांगीला मामा एकच.

विमानतळाबाहेर कळलं की शहर बसने पावणेदोन तासांवर आहे. शिवाय घड्याळ आयर्लंडच्या एक तास पुढे.

"हे तरी बघायचंस!" त्याची बायको वासंती म्हणाली.

"मी सर्जन आहे, पायलट नाही."

"अरे, साडेअकराचा मुहूर्त आहे!"

"आहे ना. आपणही आहोत. फक्त दुसरीकडे."

बस निम्म्या वाटेत असताना बहिणीचा, सरिताचा व्हिडिओ कॉल आला. "दादा, गुरुजी थांबत नाहीयेत! नवरदेवाचा मित्र रोहित तुझा कॉल लावलेला फोन धरून स्वरांगीच्या मागे उभा राहतोय. तू पण ऊठ. बसलेला मामा चालत नाही!"

गिरीश उठला.

"खाली बसा! बेल्ट लावा!" ड्रायव्हर ओरडला.

"दोन मिनिटं. मी मामा आहे."

ड्रायव्हरने बस सरळ विसाव्याच्या थांब्यावर घेतली आणि इंजिन बंद केलं. हा बसेपर्यंत बस हलणार नाही म्हणाला. अख्खी बस गिरीशला शिव्या घालू लागली. तेवढ्यात फोनमधून नवरदेवाच्या शोभनाआत्यांचा आवाज आला. त्यांनी मंगलाष्टक स्वतः रचलं होतं आणि त्यात त्यांच्या स्वतःच्या सासरचंही कुणी सुटलं नव्हतं.

"अजून किती?" मागून एका आयरिश पोरीने विचारलं. मैत्रिणीच्या लग्नाआधीची मजा करायला तिची टोळी निघाली होती.

"त्यांचे दीर किती आहेत त्यावर आहे," वासंती थकून म्हणाली. "लग्न लागतंय हो, आमच्या भाचीचं."

"लग्न? आत्ता? ग्रँड!"

शेवटच्या 'सावधान'ला त्या टोळीने गिरीशवर मूठमूठ चिप्स उधळल्या. गिरीश बसला, तशी ड्रायव्हरने बस सुरू केली.

हॉलवर पोचेपर्यंत जेवणं उरकत आली होती. मामाचा फेटा रोहितच्या डोक्यावर, मामाची शाल रोहितच्या खांद्यावर, आणि मामाच्या पाटावर रोहित जिलेबी खात होता.

"सरे, हे काय?"

"मागे कोण उभं होतं, दादा? गुरुजी म्हणाले, मान त्याचाच. फोनला फेटा बांधू का?"

स्वरांगी वाकून नमस्कार करायला आली. आधी रोहितच्या पाया पडली, मग गिरीशच्या. गिरीशच्या केसांतून एक चिप तिच्या शालूवर पडली.

तर कंपनीवाल्यांनो, तुम्हीच सांगा: या पोरीचा मामा कोण? लेखी उत्तर द्या. सही-शिक्क्यानिशी द्या.