चकचकीत अस्वल

प्रयोगशाळेत धातूंच्या शुद्धतेचे दाखले देणाऱ्या जावयाला सासऱ्यांनी लग्नानंतर प्रथमच काही विश्वासाने सोपवले, तेव्हा ती वस्तू निदान जमिनीचा कागद असावी, अशी त्याच्या बायकोची अपेक्षा होती. प्रत्यक्षात ते मुलांच्या खेळातले, पाकिटातून निघणारे एक चकचकीत कार्ड होते. त्यावर अस्वल होते.

"जावईबापू, हा मुलामा कशाचा, एवढं बघून द्या," सासरे म्हणाले. "संध्याकाळी परत हवं. जपून हं."

"बाबा तुम्हाला स्वतःच्या चष्म्यालासुद्धा हात लावू देत नाहीत," बायको दारात कुजबुजली. "या वेळी तरी घोळ घालू नका."

घोळ त्याच्या स्वभावात नव्हता, पद्धत होती. नमुना आला की कोपरा कापायचा, आम्लाचा थेंब सोडायचा, बुडबुडे पाहायचे. सवयीच्या हातांनी हे सारे उरकले. ‘साधे ॲल्युमिनियम’ हा निष्कर्ष निघाल्यानंतरच मेंदूने विचारले, की उरलेल्या कार्डाला तीनच कोपरे का?

कार्डांच्या दुकानात त्याने तसेच कार्ड मागितले, तेव्हा दुकानदार हसला. "चमकतं अस्वल? ते ढिगानं निघतं, साहेब. म्हणून तर सुटं कुणी ठेवत नाही. पाकिटं फोडा, मिळेल."

पहिल्या पाकिटात कासव निघाले. दुसऱ्यातही कासव. शक्यतेला स्मरणशक्ती नसते, आधी काय निघाले यावर पुढचे ठरत नाही, असे तो नवशिक्यांना बजावत असे. तरी तिसरे पाकीट त्याने डोळे मिटून फोडले. सोनेरी कडेचा गेंडा!

"अगं बाई!" दुकानात शेजारी उभ्या असलेल्या एका बाईंच्या हातातली पिशवी गळून पडली. मग आवाज आवरून त्या म्हणाल्या, "म्हणजे... बरा आहे. तुम्हाला अस्वल हवंय ना? माझ्याकडे आहे. गेंडा द्या नि घेऊन टाका."

दुकानदार उगाच खोकला. "साहेब, जरा विचार करा..."

"विचार कसला? दोन्ही पुठ्ठेच. मला गरज अस्वलाची."

बाईंनी इतक्या लगबगीने काढता पाय घेतला, की आभार मानायचे राहूनच गेले. हौशी लोकांच्या खुळापुढे आपला विवेक टिकला, याचे समाधान त्याला घरापर्यंत पुरले.

बायको ताटे वाढत होती, तोवर सासऱ्यांनी कार्डावर भिंग धरले. "चारही कोपरे शाबूत?"

"तर काय, बाबा!" जावई म्हणाला.

"मग हे मी दिलेलं नव्हे. साखरपुड्याची अंगठीसुद्धा घासून बघितलेला माणूस तुम्ही! कार्ड सोडाल होय?" त्यांनी कपाटाचा खण ओढला. आत अस्वलांची चळतच्या चळत होती. "म्हणून तर यातलं दिलं. एक गेलं तरी बिघडत नाही."

"पण इतकी अस्वलं जमवलीत कशाला?"

"जमवतोय कोण? मी पाकिटं फोडतो गेंड्यासाठी. सोनेरी कडेचा असतो म्हणे. तो एकदा हाती आला की या जन्मात दुसरं काही मागणार नाही. आणि आणून देणाऱ्याला..." त्यांनी जावयाकडे पाहिले, "माझा चष्मासुद्धा वापरायला देईन."

जावई भरल्या ताटावरून उठला आणि चपला शोधू लागला.

"अहो, आता कुठे?" बायकोने विचारले.

"पाकिटं आणायला," जावई म्हणाला. "दोन कासवं निघाली ना, की तिसरा गेंडाच असतो."