कमलाकाकूंचा शेरा

कमलाकाकू इंगोले लग्नाला गेल्या की आधी आचाऱ्याला भेटतात, मग नवरीला. भाजीत मसाला कुठे जास्त झाला, हे आचाऱ्याला त्याच्या कढईसमोर उभं राहून ऐकवल्याशिवाय त्यांच्या घशाखाली घास उतरत नाही. "सांगा लागते बाप्पा," त्या म्हणतात, "नाई तं त्याले समजन कसं?"

मंगरूळपीरला त्यांच्या आणि आमच्या घरामध्ये एकच भिंत आहे, त्यामुळे मलाही बरंच समजलं आहे. माझी गाडी नेहमी वाकडी लावलेली असते, माझी बायको तुळशीला पाणी जास्त घालते, आणि मी सकाळी घसा साफ करतो तेव्हा त्यांची म्हैस दूध चोरते. एसटीच्या कंडक्टरला घंटी कशी मारावी आणि कीर्तनकार महाराजांना कुठे थांबावं हे सांगणाऱ्या बाईपुढे माझ्यासारख्या शाळामास्तराचं काय चालणार? त्यांचं मत कुणी मागत नाही, ही गोष्ट त्यांना कधीच आडवी आली नाही.

अशा बाईच्या घरात एक दिवस मत मागणारं यंत्र आलं.

त्यांची सून पल्लवी इथल्या कॉलेजात मराठी शिकवते आणि भुलाबाईच्या गाण्यांवर पीएचडी करते. भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत आमच्याकडच्या पोरी भुलाबाई-भुलोजीच्या मातीच्या मूर्ती मांडून जी गाणी म्हणतात, ती ही गाणी. पण तिच्या गाइड सरांनी बजावलं होतं, "भुलाबाई म्हणजे भोंडलाच, नाव तेवढं वेगळं. वेगळी असेल तर दाखवून द्या, नाही तर ते प्रकरण काढून टाका." पल्लवीचा सगळा प्रबंध त्या एका प्रकरणावर उभा होता. म्हणून तिने लॅपटॉपवर संशोधनात मदत करणारा एआय घेतला. तो तिची टिपणं वाचायचा, उत्तरं द्यायचा आणि प्रत्येक उत्तराखाली विचारायचा, 'हे उत्तर कसं वाटलं?'

काकूंनी मेथी निवडता निवडता ते वाचलं. "हे आपल्याले इचारून राह्यलं?"

"हो आई. आपण सांगितलं की ते सुधारतं."

काकूंनी मेथीची जुडी खाली ठेवली. तेव्हापासून त्या घरात मेथी काका निवडतात.

पहिल्याच उत्तरात यंत्राने लिहिलं, की भुलाबाईला मुली पाटावर हत्ती काढून त्याच्याभोवती फेर धरतात. भिंतीपलीकडून अशी आरोळी आली की मी साप निघाला समजून काठी घेऊन धावलो.

"मास्तर, पाहा! आमच्या भुलाबाईपाशी भोंडल्याचा हत्ती आनून बांधला यानं! पल्लवी, लिव त्याले, सारंच चुकलं. तुले शिकवलं कोनं?"

यंत्राने माफी मागितली आणि हत्ती मागे घेतला. काकू थक्कच झाल्या. इतक्या वर्षांत एकाही कंडक्टरने त्यांची माफी मागितली नव्हती! मग काय, रोजचे शेरे सुरू झाले. 'लय लांबन लावते.' 'आधी मुद्द्याचं बोल म्हना.' एकदा त्यांनी जेवण झालं का तेही विचारायला लावलं. मला जेवण लागत नाही, असं उत्तर आलं. "मंग याले चव कशी समजन?" काकूंनी मला विचारलं.

पल्लवी मात्र रडकुंडीला आली होती. पुस्तकांत भुलाबाईबद्दल फारसं काही नव्हतंच, तर यंत्र तरी आणणार कुठून? "आई, नुसतं चूक म्हणून भागत नाही हो. बरोबर काय ते सांगावं लागतं. तुम्हाला येतात का गाणी?"

काकू उठल्या, पदराला हात पुसले, आतून लाटणं आणि उलथनं आणलं आणि टिपऱ्यांसारखा ताल धरला. आवाज आधी फाटला, मग लागला. एकामागून एक गाणी निघाली. रिठदला त्यांच्या माहेरी जवारीच्या धांड्यांचं, म्हणजे धाटांचं, मखर कसं बांधायचे, तेही निघालं. पल्लवी सगळं रेकॉर्ड करून यंत्राला देत होती. माझी बायकोही येऊन बसली आणि आमच्या घरी भात करपला.

शेवटी खाऊ. गाणी झाली की यजमानीण झाकलेला डबा वाजवते आणि पोरींनी आत काय ते ओळखायचं. ओळखल्याशिवाय वाटप नाही. काकूंनी लॅपटॉपसमोर डबा खडखड वाजवला. पल्लवीने लिहिलं, 'डबा वाजतोय. खाऊ ओळख.'

उत्तर आलं, 'आधी सांगा, गोड की तिखट?'

"इचारलं!" काकू उडाल्याच. "पोरी पयले हेच इचारतेत!"

तिखट, म्हणून सांगितलं. यंत्राने आधी चिवडा म्हटलं, मग खारे दाणे. डब्यात खारे दाणेच होते. काकूंनी उत्तराखालचं वर केलेल्या अंगठ्याचं बटण स्वतः दाबलं, तेही असं की लॅपटॉप पाटावरून सरकला. पण खाली आणखी एक ओळ होती. ही एका घरची रीत झाली, इतर गावांतही विचारून पाहावं.

"आता हे मलेच शिकवते?" काकू फणकारल्या. तरी त्यांनी मानोऱ्याच्या मावसबहिणीला फोन लावला, आणि तिची रीत खरंच निराळी निघाली. फोन ठेवून काकू म्हणाल्या, "बरोबर बोललं बाप्पा थे." मग सासू-सुना गावोगाव फिरल्या, आणि पल्लवीने प्रकरण नव्याने लिहून गाइड सरांना पाठवलं.

गाइड सरांचा फोन भर दुपारी आला. पल्लवीने तो सगळ्यांना ऐकवला. "हत्ती नाही, मातीची जोडी, धांड्यांचं मखर, टिपऱ्यांचा ताल... भुलाबाई वेगळीच आहे, मला पटलं. प्रकरण काढू नका, उलट पहिलं तेच ठेवा." काकूंनी अख्ख्या गल्लीला पेढे वाटले आणि पेढ्यात साखर जास्त आहे हे दुकानदाराला कळवून आल्या.

संध्याकाळी मी म्हणालो, "काकू, जिंकलं तुमचं यंत्र."

"यंत्राचं काय घेऊन बसले, मास्तर? मी या घरात नवीन आलो तवा पयल्या भादव्यात सासूले इचारलं, मूर्ती मांडू का? थे म्हने, पोरीबाळीयचं असते थे, तू कामं पाहा. तवापासून गानं तोंडातून काढलं नाई. तुले काय येते, असं मले कोनी इचारलंच नाई. पल्लवीनं इचारलं."

त्यांचे डोळे भरून आले. माझेही आले, लपवत नाही.

भादव्याची पुनव तोंडावर आली होती. तेवढ्यात पल्लवी कुंभाराकडून आली. हातात भुलाबाई-भुलोजीची जोडी होती. "आई, कुठे मांडायच्या?"

भुलाबाईचं नाक बसकं होतं आणि रंग कानाबाहेर गेला होता. काकूंनी दोन्ही मूर्ती पदरात घेऊन छातीशी धरल्या.

"तू म्हनशीन तिथं, बाई," त्या म्हणाल्या.