सुखदेवने सोडलेल्या जागा

एखादं काम नीट जमू लागलं, की सुखदेव ते सोडायचा. शिंप्याकडे त्याने शिवलेली पँट पहिल्यांदाच गिऱ्हाइकाला बरोबर बसली. गिऱ्हाईक खूश, मालक खूश, आणि दुसऱ्या दिवशी सुखदेव सोडावॉटरच्या कारखान्यात!

"अरे, सोडलंस का?" मी हबकून विचारायचो.

"मले ते आलं ना! आता काय तिथंच म्हातारा होऊ?"

महाराष्ट्र राज्य नवं होतं, आणि बुलढाण्यात मीही. सातवीतच शाळा सुटलेली, कोकणातून इतक्या लांब आलेला. कापडदुकानातली नोकरी मी दोन्ही हातांनी धरून होतो. मालक नुसते खाकरले तरी मी घडी घातलेलं कापड पुन्हा घडी घालायला घ्यायचो. माझ्या खोलीतला हा सोनाळ्याचा गडी मात्र सदरे बदलावेत तशा नोकऱ्या बदलायचा.

बाजाराची एक रीत होती: सोडणाऱ्याने आपल्या जागी माणूस द्यायचा. सुखदेव गरजू माणूस हुडकायचा, त्याला काम शिकवायचा, मगच निघायचा. मलाही त्यानेच दुकानात चिकटवलं. "कापड मोजताना हात कापू देऊ नको बे, गिऱ्हाईक हाताकडंच पाहते!"

मग रोहिणखेडची मुलगी त्याच्या मनात भरली. तिचे वडील चौकशीला आले, आणि त्यांना बाजारात फिरवायचं माझ्यावर आलं. कुठेच न टिकणाऱ्याला मुलगी कोण देणार?

शिंपी म्हणाला, "टिकला नाही, पण माणूस झकास देऊन गेला." कारखान्यात तेच. बसस्टँडच्या कँटीनमध्येही तेच.

"हा पोरगा नोकऱ्या करते का लोकायले वाटते?" म्हातारा म्हणाला.

"मलाही त्यानेच दुकानात लावलं," मी म्हणालो.

म्हाताऱ्याने माझ्याकडे नीट पाहिलं. "जमलं समजा," तो म्हणाला.

लग्नात अंतरपाट धरला, तेव्हा भटजींनी हाक दिली, "नवरदेवाचा मामा पुढे या!"

सुखदेवने मान खाली घातली. त्याला मामाच काय, कुणीच नव्हतं. इतका बडबड्या माणूस, पण हे त्याने मला कधी सांगितलं नव्हतं.

शिंप्याकडे त्याने लावलेला गडी उठला. सोडावॉटरच्या कारखान्यातला उठला. कँटीनमधल्याने दोघांना ढकललं.

"मी मामा!"

"तू काऊन बे? पहिले मले लावलं त्यानं!"

मीही घुसलो.

"अहो, मामा एकच लागतो!" भटजी ओरडले.

सुखदेवने वळून आमच्याकडे पाहिलं.

"राहू द्या, महाराज," तो कसाबसा म्हणाला. "सारेच मामा राहू द्या."