हिदायेतच्या कॉफीचा फेस

"अहो, आज व्याही येताहेत. कॉफी मी करते," शेफिका म्हणाली.

"आज कॉफीला कुणी हात लावायचा नाही," हिदायेत म्हणाला आणि लांब दांड्याचं तांब्याचं भांडं त्याने तान्ह्या पोरासारखं छातीशी धरलं.

पस्तीस वर्षं हिदायेत त्राव्निक गावच्या बसस्थानकावर बसच्या वेळा तपासायचा. बस दोन मिनिटं उशिरा आली की त्याच्या कपाळावरची शीर तटतटायची. निवृत्त झाल्यावर बस सुटल्या, शीर काही सुटली नाही. तो शेफिकाचा सारण भरलेला पिटा भट्टीतून कधी बाहेर येतो ते घड्याळ लावून बघू लागला. समोरच्या घरचा माणूस उशिरा परतला तर खिडकीतून त्याला जाब विचारू लागला. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं, सावकाश जगा, नाहीतर लवकर आटपाल. मग लेकीने, लामियाने, त्याच्या फोनवर आनंदी जगण्याचे धडे लावून दिले. त्यातले गुरुजी लोण्यासारख्या आवाजात सांगत, 'एकच छोटं काम निवडा. जन्मात पहिल्यांदा करतोय असं करा. आनंद झाला की लगेच वाटून टाका.'

हिदायेतने कॉफी निवडली. एका भांड्याला चाळीस मिनिटं लागत. दाणे कुटायचे, पाण्याचा आवाज ऐकायचा, फेस चढताना श्वास रोखायचा. पहिल्या दिवशी फेस वर आला तेव्हा त्याला रडूच फुटलं. शीर खरोखर निवली. माणूस सुखी झाला, यात काही खोटं नाही. अडचण एवढीच होती की आनंद वाटायला घरात शेफिका एकटी, आणि ती बिचारी सहा आठवडे दिवसाला नऊ कप पीत होती. तिचे हात भाजी चिरताना थरथरायला लागले होते.

"बरं, करा," ती हताशपणे म्हणाली. "पण दोनच. ऐकताय ना? दोन."

दोनच का, ते आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. पाहुण्याला पहिली कॉफी स्वागताची. दुसरी गप्पांची. तिसरी समोर आली की पाहुण्याने ओळखायचं, यजमान म्हणतोय, आता निघा. हल्ली कुणी एवढं मनावर घेत नाही. पण व्याही नुसरेत मनावर घेणाऱ्यातले. यायत्से गावात त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान, आणि जुन्या रीतींच्या बाबतीत ते घड्याळापेक्षा काटेकोर.

लामिया आणि त्यांचा मुलगा दावुद यांच्या लग्नाची तारीख आज पक्की व्हायची होती. नुसरेत आणि त्यांची बायको झुम्राबाई वेळेवर आले. लामिया तेवढी औषधांच्या दुकानात कामावर होती. पहिली कॉफी आली. नुसरेत एक घोट घेऊन थांबले.

"असा फेस मी आईच्या पश्चात पहिल्यांदा बघतोय, व्याही."

झालं. हिदायेत विरघळला. शेफिका विहीणबाईंना आतल्या खोलीत लेकीच्या चादरी दाखवायला घेऊन गेली, आणि याला आवरणारं कुणी उरलं नाही. उत्साहाच्या भरात त्याने आधीच तीन शेगड्यांवर मंद आचेवर तीन भांडी चढवून ठेवली होती. दहा मिनिटांत दुसरी कॉफी आली. नुसरेतनी तीही वाखाणली आणि मुद्द्याला हात घातला.

"तर आम्ही म्हणतोय, सप्टेंबरचा शेवटचा शनिवार."

तेवढ्यात तिसऱ्या भांड्याचा फेस चढला. असा फेस सहा आठवड्यांत आला नव्हता. लगेच वाटून टाका, गुरुजींचा आवाज हिदायेतच्या कानात घुमला. तो धावला आणि त्याने व्याह्यांसमोर तिसरा कप ठेवला.

नुसरेतनी कपाकडे बघितलं. मग दाराकडे बघितलं.

"समजलं," ते म्हणाले.

"काय समजलं?"

"शनिवार तुम्हाला नको. किंवा आमचा दावुद नको. तोंडाने सांगितलं असतंत तरी चाललं असतं."

आता समोरचा चिडला तर काय करायचं, हेही गुरुजींनी शिकवलं होतं. दीर्घ श्वास घ्यायचा आणि हसायचं. हिदायेतने डोळे मिटून छातीभर श्वास घेतला आणि गालातल्या गालात हसला.

"वर हसताय?" नुसरेत उठले. दारात त्यांचे बूट बाहेरच्या दिशेने तोंड करून नीट मांडलेले होते. पाहुण्याला घालायला सोपं जावं म्हणून शेफिका नेहमीच मांडते. पण आता त्या बुटांकडे बघून नुसरेत लालबुंद झाले. "बूटसुद्धा तयार ठेवलेत. झुम्रा, चल." भट्टीतला पिटा भट्टीतच राहिला.

संध्याकाळी लामिया आली ती डोळे सुजवूनच.

"दावुदचे बाबा म्हणतात, आम्हाला फेस घालून हाकललं. बाबा, माझं लग्न मोडलं ना, तर मी जन्मभर तुमच्याच घरी बसेन आणि रोज तुमच्या बसेस किती उशिरा यायच्या ते सगळ्यांना सांगेन."

"उद्या जा आणि पाय धरा त्यांचे," शेफिका म्हणाली. "आणि शप्पत घ्या, तिथे कॉफीच्या वाटेला जाणार नाही. कपाला बोटसुद्धा लावायचं नाही."

हिदायेतने शप्पत घेतली. दुसऱ्या दिवशी साखरेच्या चौकोनी वड्यांचा एक खोका घेऊन तो यायत्सेच्या बसमध्ये बसला. बस अकरा मिनिटं उशिरा सुटली आणि त्याला ते कळलंही नाही, एवढं त्याचं धाबं दणाणलं होतं.

झुम्राबाईंनी दार उघडलं, बसा म्हणाल्या आणि तोंड घट्ट मिटून कॉफी पुढे ठेवली. नुसरेत समोर हाताची घडी घालून बसले.

"नको," हिदायेत म्हणाला.

आमच्याकडे कुणाच्या घरची कॉफी नको म्हणणं म्हणजे, तुमच्या उंबऱ्याशी माझा काही संबंध नाही, असं सांगणं.

"काय नको?" नुसरेत हळू आवाजात म्हणाले.

"कॉफी. म्हणजे तुमची नको असं नाही. कुणाचीच नको. शप्पत आहे."

"आमच्या घरी काही न पिण्याची शप्पत घेऊन आलात?"

हिदायेतच्या तोंडचं पाणी पळालं. पस्तीस वर्षांची सवय एका क्षणात अंगात आली. बस सुटताना प्यावी तशी त्याने ती कढत कॉफी एका घोटात घशात ओतली. जीभ भाजली, टाळू भाजला, गाळ घशात अडकला. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"अहो, हे रडताहेत," झुम्राबाई नुसरेतना म्हणाल्या. "बघा तरी. माणूस रडतोय हो."

नुसरेत गडबडले. त्यांनी थंड पाणी आणलं, पाठीवर थापट्या मारल्या. मग बोबड्या जिभेने हिदायेतने सगळं सांगितलं. डॉक्टर, शीर, गुरुजी, नऊ कप. "तुम्ही आईचं नाव काढलंत, व्याही. आयुष्यात माझ्या हातचं काही पहिल्यांदाच कुणाला आवडलं. मला तुम्हाला घालवायचं नव्हतं. मला तुम्हाला अजून थांबवायचं होतं."

नुसरेतनी पाण्याचा पेला बाजूला ठेवला. मग उठले.

"चला," ते म्हणाले, "करून दाखवा."

दोघं स्वयंपाकघरात शिरले ते दोन तास बाहेर आले नाहीत. घड्याळजीचा हात तो. दाणे कसे कुटायचे, पाणी कधी काढायचं, सगळं नुसरेतनी डोळ्याला भिंग लावून शिकून घेतलं. फेस चढला तेव्हा दोघांनी एकदमच श्वास रोखला.

"चाळीस वर्षं मी वेळ दुरुस्त करतोय," नुसरेत भारावून म्हणाले, "पण वेळ गेला कुठे ते आज कळलंच नाही."

तेवढ्या वेळात झुम्राबाईंनी शेफिकाला फोन लावला आणि दोन मिनिटांत सगळं उरकलं. त्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाल्या, "ठरलं. सप्टेंबरचा शेवटचा शनिवार. आणि शेफिका म्हणते, लग्नातली कॉफी तुम्ही दोघांनीच करायची."

"माणसं किती?" हिदायेतने विचारलं.

"तीनशे चाळीस."

"एका भांड्यात चार कप," नुसरेतचे डोळे चमकले. "पंच्याऐंशी भांडी. भांड्याला चाळीस मिनिटं. छप्पन तासांच्या वर."

"तीन शेगड्या लावल्या तर..."

"एका वेळी एकच. लक्ष फाटलं की फेस बसला. गुरुवारी पहाटे शेगडी पेटवू."

"पण गुरुवारची कॉफी शनिवारी गार होईल."

"मग परत करू," नुसरेत आनंदाने म्हणाले.

हिदायेतच्या कपाळावर काहीतरी तटतटलं. "व्याही," तो चाचरत म्हणाला, "हल्ली यंत्र मिळतं म्हणे. बटण दाबलं की कप भरतो."

नुसरेतनी भिंग काढलं. भांडं खाली ठेवलं. "यंत्र," ते म्हणाले. "माझ्या स्वयंपाकघरात उभं राहून, मला, यंत्र."

झुम्राबाईंनी आधी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तो शनिवार पेनाने गोल करून टाकला, आणि मगच त्या दोघांच्या मध्ये येऊन उभ्या राहिल्या.