किल्लीवाल्याचा गुरुवार

ज्याच्या मनाला त्रास आहे, त्याला विचारल्याशिवाय त्याच्या उपचारांचं मूल्यमापन करू नये, हे तत्त्व इतकं थोर आहे की त्यापुढे प्रत्यक्ष उपचार ही जरा किरकोळच बाब वाटते. मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पाचही केंद्रांवर हे तत्त्व एकाच दिवशी लागू झालं. तिसऱ्या केंद्रावर तेव्हा बाकावर एकटा किल्लीवाला बसला होता, म्हणून समस्त रुग्णांचा प्रतिनिधी म्हणून त्याची एकमताने निवड झाली. (मत त्याचंही घेतलं नव्हतं, पण विरोध कुणीच केला नाही.)

किल्लीवाल्याचं चौकात कुलूप-किल्ल्यांचं दुकान. अख्ख्या वस्तीची कुलपं त्याच्या हातची. भरवसा नव्हता तो फक्त स्वतःच्या दारावरच्या कुलपावर. लावायचं, ओढून बघायचं, कोपऱ्यापर्यंत जायचं, परत येऊन पुन्हा ओढायचं. दुकान उघडेपर्यंत दुपार व्हायची आणि गिऱ्हाइकं कंटाळून निघून जायची. शेवटी बायकोने हाताला धरून त्याला केंद्रात आणलं. तिथल्या समुपदेशक ताई दर गुरुवारी त्याच्याशी तासभर बोलायच्या. काही महिन्यांनी एके सकाळी त्याने कुलूप एकदाच ओढलं आणि चालता झाला. बायको खिडकीआडून बघत होती. ती आनंदाने रडली.

आता मूल्यमापनाची बैठक घ्यायची कुठे? केंद्रात दार नीट बंद होणारी एकच खोली, समुपदेशनाची. वार गुरुवार, कारण त्या तासाला रुग्णांचे प्रतिनिधी मोकळे असतात असं दिसून आलं. इतिवृत्त ताईंनी लिहायचं, अक्षर चांगलं म्हणून. शिवाय निष्पक्षतेला धक्का लागू नये यासाठी, मूल्यमापन संपेपर्यंत सेवा देणाऱ्याने सेवा घेणाऱ्याशी चकार शब्द बोलायचा नाही, असा नियम झाला. अशा रीतीने किल्लीवाला आणि ताई त्याच खोलीत, त्याच खुर्च्यांवर, त्याच तासाला समोरासमोर बसत राहिले. मध्ये फक्त मूल्यमापनासाठी नेमलेले सल्लागार, देणगीदारांचा माणूस, त्याचा मदतनीस आणि बिस्किटांची बशी.

सहभाग तक्त्यावर लावायच्या रंगीत कागदी चिकट्यांनी व्हायचा. हिरवी म्हणजे समाधान, पिवळी म्हणजे पुष्कळ समाधान. लाल नव्हतीच, कारण लाल रंगाने रुग्ण अस्वस्थ होतात. (हे रुग्णांना विचारलं नव्हतं, विचारलं तर अस्वस्थ होतील म्हणून.) भिंतीवर 'नंतर बोलू' असं शीर्षक दिलेला मोठा कागद होता. महत्त्वाचा मुद्दा निघाला की तो आदराने तिथे नेऊन ठेवत. पाच केंद्रांची तुलना करायची तर यशाचं मोजमाप एकच हवं. 'आनंद' दुसऱ्या केंद्राला पटेना, 'झोप' चौथ्याला पटेना. बऱ्याच गुरुवारांच्या खलानंतर सगळ्यांचं एकमत झालं ते 'बैठकीतील उपस्थिती' यावर.

मध्यंतरी किल्लीवाला पुन्हा कोपऱ्यावरून मागे फिरू लागला होता. शेवटी बायको कुटुंबीयांची प्रतिनिधी म्हणून बैठकीला आली. तिने बिस्किटाला हात लावला नाही.

"साहेब, यांचं परत सुरू झालंय. आज इथे यायला निघालो तर किती वेळा मागे गेले. यांचं ताईंशी बोलणं कधी सुरू होणार?"

सल्लागारांनी पेन खाली ठेवलं. "वहिनी, फार मोलाचं बोललात." मुद्दा 'नंतर बोलू'वर गेला.

"नंतर म्हणजे कधी?"

"तेही तिथेच लिहू."

ताईंचा हात थांबला. "मी आत्ता दहा मिनिटं बोलू का यांच्याशी?"

"ताई, तुम्ही बोललात तर सगळ्यांची मेहनत पाण्यात जाईल. पाचही केंद्रांची."

ताईंनी मान खाली घालून हे वाक्यही टिपून घेतलं. किल्लीवाल्याला फार एकटं वाटलं. पण हातात हिरवी चिकटी होती आणि सगळे त्याच्याकडे बघत होते, म्हणून त्याने ती लावली.

अहवाल देखणा झाला. तिसऱ्या केंद्राची उपस्थिती शंभर टक्के. हे यश समुपदेशन बंद असताना मिळालेलं असल्यामुळे समुपदेशनाची गरज नाही, हे ओघानेच आलं. ताईंना मुख्य कार्यालयात इतिवृत्तं लिहायला पाठवलं. चिकट्या खोलीत ठेवून खोलीला कुलूप लावायचं ठरलं आणि सहभागाचं तत्त्व शेवटपर्यंत पाळायचं म्हणून ते काम किल्लीवाल्यालाच दिलं.

त्याने कुलूप बसवलं. ओढून पाहिलं. कोपऱ्यापर्यंत गेला आणि परत आला. बायको पायरीवर बसली होती. ती म्हणाली, "लागलंय हो. चला आता." तो "हो" म्हणाला आणि पुन्हा ओढायला गेला.

येणारेजाणारे थांबून बघत होते आणि हसत होते. अहवालात त्यांचीही दखल घेतलेली आहे: 'समाज: समाधानी.' आपणही मघापासून हसतच होता, तेव्हा आपली सही वेगळी घेण्याची गरज पडली नाही.